ठकूबाईची ओली भिंत

फार वर्षं झाली या गोष्टीला. पारावरचा पिंपळ तेव्हा रोपटं होता, असं म्हणतात. पिंपळाला विचारायची सोय नाही, म्हणून खरं मानायचं.

तेव्हा आमच्या आंबवण्यात ठकूबाई नावाची चितारीण राहायची. लग्नघराच्या भिंतीवर मोर, हत्ती, केळीचे खांब काढावेत ते तिनंच. तिनं मांजर काढलं, की अंगणातल्या कोंबड्या दाणे टाकून पळायच्या, असं म्हणतात. पण ठकूबाई विधवा. भिंत रंगवायला ती चालायची, अक्षता टाकायला चालायची नाही. वाजंत्री वेशीत आली, की ती रंगाची बोळकी उचलून मागच्या दारानं घरी जायची.

घरी कुणी नव्हतं. तिची एकुलती एक लेक येसू पटकीच्या साथीत गेली होती. त्या काळी फोटो कुठला? चेहरा काय तो आईच्या डोळ्यांत, आणि वर्षं सरली तसा तोही पुसट होत चालला. एका सकाळी ठकूबाईला लेकीचं नाक आठवेना. त्या दिवशी ती फार रडली, आणि मग माती कालवायला बसली.

घरातल्या मोठ्या भिंतीवर तिनं येसूला काढायला घेतलं. नुसत्या रंगानं भागेना. मग तिनं येसूच्या परकराच्या चिंध्या उडदाच्या खळीनं चिकटवल्या, फुटक्या बांगड्या ओल्या मातीत दाबल्या, वेणीला काथ्या लावला. तिची रीतच उलटी. आधी वस्तू लावायची, लांब जाऊन बसायचं, ती काय मागते ते बघायचं, आणि मगच रंगाला हात घालायचा. परकर जमला, वेणी जमली. चेहरा काही जमेना. दर वेळी ती तो मातीनं लिंपायची आणि पुन्हा मांडायची. थरावर थर चढून भिंतीला पोट आलं.

आता गावाचं ऐका. आमचं गाव मनानं वाईट नाही, फक्त शहाणपण त्याला उशिरा सुचतं. दिवाळीच्या तोंडावर ठकूबाई गेरू आणायला डोंगरात गेली, तेव्हा शेजारच्या कोंडाबाईनं चार बाया जमवल्या. एकट्या बाईची भिंत अशी चिंध्यामातीनं माखलेली, सणाला बरी दिसते का? तिथं चित्र आहे हे एकीलाही दिसलं नाही. सगळ्यांनी मिळून भिंतीला चुना दिला.

ठकूबाई परतली तेव्हा कोंडाबाई हसत म्हणाली, "मावशे, बघ तरी, कसं लख्ख केलंय घर."

ठकूबाईच्या डोक्यावरची पाटी खाली आली. "कोंडे, माझी पोर हुती गं तितं," एवढंच ती बोलली.

बाया माना खाली घालून निघून गेल्या. एखादी तरी थांबायला हवी होती. कुणी थांबलं नाही.

ती एकटीच भिंतीसमोर बसली. चुना अजून ओला होता, आणि ओल्या चुन्यातून खालचं दिसतं, हे रंगवणाऱ्याला ठाऊक असतं. सगळे थर एकमेकांतून वर आले, आणि त्या साऱ्या फसलेल्या चेहऱ्यांचा मिळून एक चेहरा झाला. नाकसुद्धा तेच. येसू आईकडे बघत होती.

त्या दिवशी ऊन कडक होतं. गावातल्या बाकीच्या भिंती दुपारीच वाळल्या. ठकूबाईची भिंत मात्र दिवेलागणीपर्यंत ओलीच राहिली, असं म्हणतात. आईचं बघून होईना, म्हणून चुना वाळेना. शेवटी ठकूबाईच म्हणाली, "जा बाई आता. ओल्यात किती येळ उभी ऱ्हाशील?" आणि भिंत पांढरी झाली.

पुढं दर दिवाळीला ती स्वतःच चुना द्यायची आणि दार लावून समोर बसायची. एका वर्षी दार उघडलंच नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला कोंडाबाईनं त्या रिकाम्या घरात जाऊन भिंतीला चुना दिला, आणि जमिनीवर बसून राहिली. तिला भिंतीत दोघी दिसल्या, असं म्हणतात.

आजही आंबवण्यात दिवाळीचा चुना निघाला, की जे कुणी एकटं राहतं त्याच्या घरी शेजारचं माणूस जातं आणि ओल्या भिंतीसमोर त्याच्या शेजारी बसतं. कोण दिसतंय ते विचारायचं नाही. चुना वाळेपर्यंत उठायचं नाही.