सभापतींकडे वळलेला काटा

आमच्या शाळेच्या वाघमोडे बाई मुलांना माळावर नेऊन नकाशा आणि होकायंत्राचा खेळ शिकवायच्या. लपवलेली निशाणं शोधून आणायची, एवढंच. पंचायत समितीचे सभापती विश्वासरावांना ते खुपलं. "पोरं हरवली तर? आज एक चूक दिसू दे, खेळ बंद आणि बाईंची बदली," असं बजावून ते माळावर येऊन उभे राहिले.

नेमकी माझी लेक चंपाच पुढं होती.

चंपानं उत्तर दिशा दाखवली. विश्वासरावांनी तिच्या हातातलं होकायंत्र ओढलं आणि छातीशी धरून बघितलं. काटा गर्रकन त्यांच्याकडंच वळला.

"बघा, पोरगी चुकली. उत्तर इकडं आहे."

बाईंचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तोवर चंपा म्हणाली, "साहेब, तुमच्या खिशात मोबाइल आहे, त्यात लोहचुंबक असतं. तुमच्याजवळ आलं की माणसंसुद्धा तुमचीच बाजू घेतात, मग काट्याचं काय? जरा लांब धरा, खरं सांगेल."

विश्वासरावांनी हात लांब केला. काटा चंपाच्या बोटाच्या दिशेला जाऊन थांबला.

त्यांनी होकायंत्र तिला दिलं आणि गाडीत बसले. बदलीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.