चिंचेवरच्या मुक्या घंटा

फार फार जुनी गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि त्या राज्याला आपल्या राजवैद्यांचा भारी अभिमान होता. लहान मुलांनी ही गोष्ट नीट ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांनी केलेली आहे.

दरवर्षी पावसाळा सरता सरता तिथे जुलाब-उलट्यांची साथ यायची. राजवैद्य सात मुळ्यांचा काढा द्यायचे आणि बजावायचे, "तीन दिवस पाण्याचा थेंबही नको." जो बरा होई, त्याच्या घरचे लोक वैद्यांच्या दारातल्या चिंचेला पितळी घंटा बांधत. चिंच घंटांनी लगडून गेली होती. वारा सुटला की सगळी राजधानी किणकिणायची आणि लोक म्हणायचे, "घ्या, आणखी पुरावा कशाला हवा?"

राजानं ठरवलं, येत्या पाडव्याला हा काढा वेशीवरच्या दगडात कोरायचा. मग गावोगाव तोच द्यावा लागणार, दुसरं काही चालणार नाही. "पण दगडात कोरायचं, तर आधी सगळीकडे विचारून या," तो म्हणाला. वैद्यांनी मोठ्या ऐटीत आपली पट्टशिष्या तुंगाक्का हिला पुढे केलं. वीस वर्षं तिनं तो काढा स्वतःच्या हातानं उकळला होता. तिचा एकुलता एक मुलगा अशाच साथीत, तोच काढा घेऊनही दगावला होता. त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

तुंगाक्का मोठी काटेकोर बाई. काय विचारायचं, कुणाला मोजायचं, कुणाला नाही, हे सगळं तिनं निघण्यापूर्वीच ताडपत्रावर लिहिलं आणि राजाच्या हाती दिलं.

"आत्ताच ठेवून घ्या, महाराज. उत्तर आवडलं नाही की माणूस मागाहून प्रश्न बदलतो. आणि मीही माणूसच आहे."

बेचाळीस गावं ती हिंडली. एकही दार वगळलं नाही. रोगी बरा झालेला असला की एक अख्खा चिंचोका, दगावलेला असला की एक फोडलेला. काढा घेतलेल्यांचे चिंचोके तांबड्या पिशवीत, न घेतलेल्यांचे पांढऱ्या पिशवीत. तिच्या मागोमाग एक कासारीण बायकांना बांगड्या भरता भरता तेच प्रश्न पुन्हा विचारायची. दोघींचं जुळलं नाही, तर दोघी मिळून त्या दाराशी परत जायच्या. "अगं बाई, पायांचे तुकडे पडले माझ्या," कासारीण कुरकुरायची, पण जायची.

एका गावात एक बाई तुंगाक्काला पाहताच दार लावून घेऊ लागली.

"आमच्याकडे काय काम? त्या झाडावर आमची घंटा नाही."

"म्हणूनच आलेय. किती गेले?"

"दोघं. दोघांनाही काढाच दिला होता." बाईनं डोळ्यांना पदर लावला. "माणूस गेल्यावर घंटा कोण बांधतं, अक्का?"

तुंगाक्का उंबऱ्यावरच बसली. वीस वर्षं त्या घंटा ऐकल्या, पण एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. तिला स्वतःचाच संताप आला. तिनं दोन चिंचोके फोडून तांबड्या पिशवीत टाकले. मग तिसरा फोडला. तो तिच्या लेकाचा होता.

नदीपलीकडच्या गावांत काढा पोचतच नसे. तिथल्या बायका रोग्याला मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज घोट घोट पाजत राहायच्या. पांढरी पिशवी तिथेच भरली.

पाडव्याला भर दरबारात दोन्ही पिशव्या ओतल्या. तांबड्या पिशवीच्या ढिगात दहांत चार चिंचोके फुटके निघाले. पांढरीच्या ढिगात दहांत एक.

राजवैद्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"अहो, जे फार आजारी तेच माझ्याकडे येतात!" ते गरजले. "किरकोळ दुखण्याला पेज पुरते. ही तुलनाच खोटी आहे!"

तुंगाक्का पुढे आली. समोर तिचे गुरू होते आणि त्यांचं जन्माचं नाव पणाला लागलं होतं.

"महाराज, ताडपत्र वाचावं," ती म्हणाली.

राजानं वाचलं : "ज्यांना उठून बसवत नव्हतं, तेवढेच रोगी दोन्हीकडे मोजावेत."

"सारख्याची तुलना सारख्याशीच करावी, हे तुम्हीच शिकवलंत, गुरुजी."

राजवैद्य खाली उतरले, मांडी घालून बसले आणि स्वतः मोजू लागले. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा मध्येच थांबले.

"तुंगा, यात तुझ्या लेकाचा..."

"आहे, गुरुजी. तांबड्यात. वेगळा नाही काढला."

म्हातारा सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मग डोळे पुसून ताठ उभा राहिला.

"महाराज, दगडात पेज कोरा. आणि खाली या माझ्या लेकीचं नाव कोरा. माझ्या दारात हजार घंटा वाजल्या. पण मी शिकवलेल्या पोरीनं मलाच चुकीचं ठरवलं, तेही मी शिकवलेल्या रीतीनं! एवढा मोठा मान मला त्यांतल्या एकाही घंटेनं दिला नव्हता."

तुंगाक्कानं आपलं नाव काही कोरू दिलं नाही. पेजेच्या खाली एक ओळ मात्र तिनं हट्टानं कोरून घेतली : "पुढे कुणी याहून जास्त दारं विचारली आणि उत्तर वेगळं आलं, तर हा दगड बदलावा."

त्या वर्षीही साथ आली. चुलीचुलीवर पेजेची पातेली चढली आणि एरवी ज्यांच्यासाठी रडं ऐकू आलं असतं, अशी कितीतरी पोरं दिवाळीला अंगणात खेळत होती. राजवैद्यांनी चिंचेसाठी नवा रिवाज घातला. जो गेला त्याच्यासाठीही घंटा बांधायची, आतला लोळा काढून. पहिली घंटा तुंगाक्कानं बांधली. ती वाजत नाही. पण त्या राज्यातले वैद्य आजही झाडाखाली उभे राहिले की आधी मुक्या घंटा मोजतात, आणि ही आपली रीत परक्यांना मोठ्या अभिमानानं सांगतात.

तात्पर्य : वाजणाऱ्या घंटांबरोबर न वाजणाऱ्याही मोजाव्यात, तेव्हाच खरं कळतं.