गेणूच्या मुठीतले तीन फ्यूज

फार वर्षांपूर्वी, पाथरवाडीत विजेचे खांब नवेच रोवले होते, तेव्हा गावाच्या पिण्याच्या विहिरीत मोटर बसली. तिची देखभाल गेणू कुंभार करायचा. वर काठावरचा विजेचा बोर्ड त्याचा मेहुणा केरू सांभाळायचा.

तीन तारांपैकी कोणत्या तारेत वीज नाही, हे गेणू नुसतं ऐकून सांगायचा, असं म्हणतात. मोटर उलटी फिरली तर तो दोन तारांची अदलाबदल करायचा, की ती सरळ फिरायची. पण मोटरजवळ जाण्याआधी तो खटका खाली ओढायचा, चिनी मातीचे तिन्ही फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हे खिशात आहेत तोवर माझा जीव माझ्याजवळ आहे."

एका चैत्रात मोटर जळाली. आतली तार नव्याने भरून ती यायला चार दिवस लागले. लोक ओढ्याचं गढूळ पाणी गाळून प्यायले. पाचव्या दिवशी भर दुपारी गेणू विहिरीतल्या टप्प्यावर मोटर जोडू लागला. वर घागरींची रांग लागली.

"केरूभाऊ, तुमच्या दाजींनी खाली संसार मांडला का?" एक बाई म्हणाली.

"चूल पेटली की बोलावतील," दुसरी म्हणाली.

केरू ओशाळला. तेवढ्यात गेणू पायऱ्या चढून वर येताना दिसला. काम उरकलं असं केरूला वाटलं आणि तो बोर्डाकडे वळला. पण मोटरच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत नेणारी तार जोडायची राहिली होती. केरूच्या पाठीमागे गेणू अर्ध्या वाटेवरून परत खाली उतरला.

फ्यूज दाजींच्या खिशात होते. मागायला चार पावलं जायचं होतं. केरू गेला नाही. त्याने तांब्याच्या तारेचे तीन तुकडे रिकाम्या जागी अडकवले, खटका वर केला आणि हिरवं बटण दाबलं.

मोटर फिरली. पाणी आलं. घागरी भरू लागल्या. खालून गेणूचा आवाज काही आला नाही.

त्याला वर आणलं तेव्हा तो गेलेला होता, आणि खिशातले फ्यूज त्याच्या मुठीत होते. ते तिथे कसे आले, कुणालाच कळलं नाही. चार गड्यांनी जोर लावला, तरी मूठ उघडेना. बायकांनी भरलेल्या घागरी तिथेच ओतल्या.

गेणूची बायको सगुणा आली. ती रडली नाही. भावाकडे बघून म्हणाली, "दादा, तू मागितले नाहीस. आता माग."

केरू गुडघ्यांवर बसला. "दाजी, फ्यूज द्या."

एकदा मागितले, दोनदा मागितले. तिसऱ्यांदा मूठ आपोआप उघडली, असं म्हणतात.

केरू पुढे म्हातारा होऊन गेला. बोर्डाजवळ गेला की तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

आजही पाथरवाडीत मोटरला हात लावणारा तिन्ही फ्यूज आपल्या खिशात ठेवतो. काम झालं की तो वर येऊन बोर्डासमोर उभा राहतो. समोर दिसत असला, तरी त्याला तीनदा विचारतात, "दाजी, फ्यूज देता का?" विचारणारा त्याचा बाप असला, तरी दाजीच म्हणतो. आणि चैत्रातल्या त्या दिवशी मोटरची तार जिथे जमिनीत जाते, तिथे प्रत्येक घर पहिली घागर ओततं.