कोंडवाड्याचं कुलूप

एका गावच्या कोंडवाड्याला एक लोखंडी कुलूप होतं. गावचा न्याय आपणच राखतो, अशी त्याला भारी ऐट.

एकदा एकाच शेतात शिरल्याबद्दल पाटलाची म्हैस आणि ठकूबाईची शेळी कोंडवाड्यात आल्या. पाटलाने दंड भरला. म्हैस लगेच सुटली.

"मला सोड रे," शेळी कळवळली. "माझं दूध विकल्याशिवाय ठकूबाई दंड कुठून भरेल?"

"आधी दंड, मग दार!" कुलूप गुरकावलं.

रोजच्या चाऱ्याचा खर्चही दंडात चढत गेला. अखेर ठकूबाई पैसे घेऊन आली. शेळी धावत बाहेर पडली आणि करडाला हाका मारू लागली.

ठकूबाईने डोळ्यांना पदर लावला. "ओरडू नको बाई. त्यालाच विकून तुला सोडवलंय."

कडीला उघडं लटकलेलं कुलूप मनात म्हणालं, 'मी आधीच गंजून का पडलो नाही?'