राजाने उकरलेलं बी

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. शूर होता, दाता होता. पण संशयी इतका, की स्वतःच्या सावलीलाही विचारी, मागे का येतेस? एकदा एका मांत्रिकाने प्रेमाने दिलेला प्रसाद त्याने आधी कुत्र्यापुढे टाकला. मांत्रिक कोपला. "राजा, तुझ्या लेकीची वाणी मातीत जाईल," म्हणाला, आणि ती गेली.

राजकन्या शाल्मली मुकी झाली. राजवैद्यांनी हात टेकले, तेव्हा डोंगरापलीकडून केतकाई आली. ती काढे देत नसे. दुखावलेल्या माणसाकडून वाफा करवून घेई, पेरायला लावी आणि शेजारी बसून खुरपत राही. लढाईत झोप हरवलेले शिपाई तिच्या कांद्याच्या वाफ्यांत बरे झाले होते.

"तीन बिया देते," ती म्हणाली. "एक जरी रुजली तरी वाणी परत येईल. राजकन्येने पेरावं, पाणी घालावं. पेरलेलं कुणी उकरू नये."

"न रुजल्या तर?"

"माझं शीर घ्यावं, महाराज."

उकरू नये असं ही का म्हणते? कुठेतरी पाणी मुरतंय, राजाला वाटलं.

शाल्मलीने भोपळ्याचं बी पेरलं. दुपारी राजवाडा वामकुक्षी घेऊ लागला, की राजा चवड्यांवर येई, नखाने बी उकरी, विषाचा वास येतो का बघे आणि जसंच्या तसं पुरून ठेवी. बी कुजलं. "भाजलेलं बी दिलंस," तो केतकाईला म्हणाला.

दुसरं वालाचं. त्याला पांढरं मूळ फुटलं होतं. राजाला वाटलं, नागाचं पिल्लू. त्याने ते चिमटीत धरलं, आणि मूळ तुटलं.

आताशा शाल्मली पहाटेच उठून वाफ्याकडे धावे, तिच्या गालांवर रंग आला होता. तेही राजाला चेटूकच वाटलं. तिसरं बी दोडक्याचं. केतकाईची लबाडी पकडायला त्याने आपला हेर पोपट आंब्यावर बसवला. मग पोपटाचाही भरवसा वाटेना, म्हणून स्वतः गेला.

त्याचं बोट मातीत असतानाच पोपट बोलला, "महाराज, बियांचा मारेकरी सापडला."

"कोण?"

"उकरतो, हुंगतो, पुन्हा पुरतो. डोक्यावर मुकुट आहे."

मागे शाल्मली कळशी घेऊन उभी होती. राजाला लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती. हेही बी मेलं, तर लेक जन्मभर मुकी राहणार आणि निरपराध बाईचं शीर जाणार. बघायचा मोह अनावर झाला. पण त्याने बोट काढून घेतलं, माती हलकेच सारखी केली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून वाफ्याशेजारी बसला. तिथेच जेवण भरवून घेई, तिथेच दरबार भरवी.

एका सकाळी माती तडकली. दोन हिरवी पानं वर आली.

"तात," शाल्मली म्हणाली, "आता हात सोडा."

राजाने हात सोडले आणि रडत रडत केतकाईचे पाय धरले. शाप फिटला, राज्य पुन्हा नीट चालू लागलं. त्यांच्या वेलीला दोडके लागले, तसे तुमच्याआमच्याही लागोत.