धुक्याची बरणी

घाटाच्या पायथ्याशी निवळेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात तुळाजी नावाचा एक भोळा जीपवाला होता. माणसं ऐकत नाहीत अशी सगळ्या जगाची तक्रार असते. तुळाजी ऐकायचा. कोणी काही सांगितलं की मान डोलवायचा आणि सांगितलं तसंच करायचा. गावाला त्याचाच जास्त त्रास होता.

एका सकाळी घाटात दाट धुकं पडलं होतं. तुळाजी दिवे लावून, हॉर्न देत, हळूहळू जीप चढवत होता. पुढे रस्त्याच्या मधोमध मल्हारी कुंभाराचा माठांनी भरलेला टेम्पो उभा होता. टेम्पोला ना दिवा, ना आत माणूस. मल्हारी चहा प्यायला गेला होता. जीप मागून धडकली आणि अडतीस माठ फुटले. मल्हारीने नुकसानभरपाईचा दावा लावला. वर म्हणाला, "धुकंबिकं कुठलं? लख्ख ऊन पडलं हुतं."

तुळाजी घाबरला. दोष त्याच्यावर आला तर लायसन जाणार होतं, आणि जीप चालवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्याची बायको हौसा त्याला तालुक्याला काणेकर वकिलांकडे घेऊन गेली.

"हे बघा तुळाजी," वकील म्हणाले, "धुकं होतं, पाऊस होता, एवढं म्हणून ड्रायव्हर सुटत नाही. हवा वाईट असली की त्यानं जास्त जपायचं असतं. पुढचं दिसेनासं झालं की दिवे लावा, हॉर्न द्या, माणसाच्या चालीनं गाडी न्या. तुम्ही तसंच केलं होतं, म्हणून आपली बाजू भक्कम आहे. तारखेपर्यंत फक्त नवीन घोळ घालू नका."

"न्हाई घालत," तुळाजी म्हणाला. आणि त्याने मनापासून ठरवलंही.

दुसऱ्या दिवशी तो चव्हाण गुरुजींना एसटी गाठायला घेऊन निघाला. वाटेत गुऱ्हाळ होतं. चुलवणाचा धूर रस्त्यावर आला आणि पुढचं दिसेनासं झालं. तुळाजीने दिवे लावले, हॉर्नवर हात ठेवला आणि जीप माणसाच्या चालीने सोडली. धूर दहा पावलांत संपला. तुळाजी थांबला नाही, कारण हे सगळं कधी थांबवायचं ते वकिलांनी सांगितलं नव्हतं. दोन कोस जीप हॉर्न वाजवत चालली. एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन तिला मागे टाकून गेली. एसटीही गेली.

गुरुजी भडकले. "अरे, दिवस उगवल्यावर दिवे कसले जाळतोस? उजाडलं की दिवे बंद! आणि ऊन असलं की गाडी पळवावी माणसानं!"

"व्हय गुरुजी. चुकलंच माझं."

तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. पण पावसात ऊनही होतं. तुळाजीने वर पाहिलं. ऊन होतं. त्याने गाडी पळवली. ग्रामपंचायतीसमोर डबकं साचलं होतं, आणि डबक्याच्या काठावर सरपंच परीटघडीचे कपडे घालून तालुक्याच्या साहेबांची वाट पाहत उभे होते. साहेब आले तेव्हा त्यांना सरपंच कोण ते विचारावं लागलं.

"तुळ्या!" चिखलातून आवाज आला. "अरं, थेंब पडाय लागलं की गाडी कडंला घ्यावी! थेंब थांबंस्तवर हलू नये!"

"व्हय सरपंच. आता ध्यानात ठेवतो."

चौथ्या दिवशी लग्नाचं भाडं मिळालं. नवरदेव पुढे बसला, त्याचा मामा मागे. निघताना नवरदेवाच्या आत्याने कौतुकाने गुलाबदाणी घेतली आणि जीपवर गुलाबपाणी शिंपडलं. काचेवर थेंब पडले. तुळाजीने जीप कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"थेंब पडाय लागल्यात."

जीप निघत का नाही ते आत्याला कळेना. शकुन कमी पडला असेल म्हणून तिने आणखी शिंपडलं. तुळाजी हाताची घडी घालून बसला. तिने आणखी शिंपडलं. मुहूर्त टळायला आला तेव्हा नवरदेव बाशिंग सावरत शेतातून पळत सुटला. त्याच्यामागे पळता पळता मामा ओरडला, "पुन्यांदा कडंला गाडी लावशील तर याद राख! काय बी झालं तरी कडंला थांबायचं न्हाई!"

"व्हय मामा," तुळाजी म्हणाला, आणि ते पक्कं लक्षात ठेवलं.

तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांनी निरोप धाडला. "मल्हारी धुकं नव्हतंच म्हणतोय. धुक्याचा पुरावा घेऊन या. आणि काही झालं तरी उशीर करू नका." त्यांच्या मनात घाटातला चहावाला होता, साक्षीला. तुळाजी मात्र तारखेच्या सकाळीच लोणच्याची रिकामी बरणी घेऊन घाटात गेला.

कोर्ट अर्धा तास उशिरा बसलं. न्यायाधीश घाट उतरून आले तेच कपाळाला पट्टी लावून. हौसा मागच्या बाकावर हात जोडून बसली होती. तुळाजीने बरणी टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"धुकं हाय, सायेब. पुरावा."

न्यायाधीशांनी झाकण उघडून आत पाहिलं. "यात तर काहीच दिसत नाही."

"मला बी त्या दिशी कायच दिसलं न्हाई, सायेब."

सगळं कोर्ट हसलं. मल्हारीही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, "व्हय सायेब, धुकं तसलंच हुतं!"

मग काय राहिलं? न्यायाधीश म्हणाले, "धुक्यात दिवे न लावता, रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करणारा माणूसच अपघाताला जबाबदार. मग तो कोणीही असो. तुळाजीचा दोष नाही."

हौसाने डोळे पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं होतं. वकील कागद गोळा करू लागले. न्यायाधीशांनी सहज, गंमत म्हणून विचारलं, "पण काय हो, हे धुकं भरलं तरी कसं?"

"आज सकाळीच, सायेब. घाटात जीप उभी केली."

"कडेला?"

"छ्या! कडंला थांबायचं न्हाई असं मामांनी बजावलंय. मधोमध लावली."

न्यायाधीश जरा पुढे झुकले. "दिवे?"

"बंद. उजाडल्यावर दिवे जाळू नयेत. गुरुजींनी सांगितलंय."

"तुळाजी, पुरे," वकील हळूच म्हणाले. पण साहेब विचारत असताना गप्प बसायला तुळाजीला कोणीच शिकवलं नव्हतं.

"बरणी भरत हुतो, तर मागनं एक पांढरी गाडी येऊन जीपवर आदळली. आतला गृहस्थ कपाळ धरून खाली उतरला. धुक्यात त्येला मी काय दिसलो न्हाई, मला बी त्येचं त्वांड दिसलं न्हाई. मी तसाच निघालो. तारखेला उशीर करायचा नव्हता."

न्यायाधीशांचा हात कपाळाच्या पट्टीवर गेला.

हौसाने डोक्याला हात लावला. तुळाजीने मात्र बरणीचं झाकण घट्ट बसवलं आणि ती दोन्ही हातांनी साहेबांपुढे सरकवली.

"ऱ्हाऊ द्या सायेब तुमच्यापाशीच. आत्ता तुम्हीच म्हणालात, मधी उभा ऱ्हाणाराच जबाबदार. तो गृहस्थ कुठं भेटला तर त्येला म्हणावं, बिनघोर दावा लाव. धुक्याचा पुरावा तयार हाय."