भृंगराजाचे उसने आवाज

डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक भृंगराज पक्षी राहत असे. रंगाने काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तुरे आणि गळ्यात साऱ्या जंगलाचे आवाज! तो मोरासारखा ओरडे, सातभाईंसारखा कलकलाट करी, घुबडासारखा घुमे. संध्याकाळी तो सागाच्या वाळक्या फांदीवर बसला की प्राणी-पक्षी भोवती जमत आणि "वा! वा!" करत. ती 'वा' ऐकल्याशिवाय त्याला झोप येत नसे.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. टेंभुर्णी सरली, चारोळी सरली. ओढ्याकाठचा जुना उंबर तेवढा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फळांनी लगडला होता. त्या उंबरावर तांबड्या पाठीची एक मोठी खार राहत असे. कोणती फांदी पिकली, कोणती अजून तुरट आहे, हे तिला बरोबर ठाऊक होते. ती वरून फळे पाडी आणि सांगे, "खाली पडून आंबलेलं खाऊ नका हं. आणि फोडल्यावर आत केंबरं, ते बारीक किडे, दिसतील, तर झटकून टाका. उंबर म्हटलं की केंबरं आलीच!" हरणे, ससे, वानरे सगळी तिथेच गोळा होऊ लागली. खाणे झाले की गप्पा रंगत. सागाखाली कुणी फिरकेना.

भृंगराज वाळक्या फांदीवरून हे बघत असे. खालून कुणी "खारूताई, तुम्ही होतात म्हणून जगलो!" म्हणाले की त्याच्या पोटात आग पेटे. तो मनाशी म्हणे, 'मी एवढे आवाज गळ्यात मुरवले. आणि हिच्याकडे काय? एक झाड! तेही हिनं लावलेलं नाही!' एका संध्याकाळी त्याने मोराचा आवाज काढला, तर उंबराखालून एका सशाने मान वर करून म्हटले, "कुठंतरी मोर ओरडतोय वाटतं," आणि तो पुन्हा खाण्यात गुंग झाला. त्या रात्री भृंगराजाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी एका भेकरीचे पाडस आजारी पडले. पोट धरून ते लोळू लागले. आदल्या दुपारी त्याने डबक्यातले हिरवे, कुजके पाणी पोटभर प्यायले होते. भृंगराजाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण तो ते बोलला नाही. भेकरी रडत रडत विचारू लागली, "सकाळपासून यानं उंबरंच तर खाल्ली! मग झालं तरी काय?" तेव्हा भृंगराजाच्या मनात एक काळा विचार आला.

तो करंजाच्या दाट पानांत शिरला आणि मोराच्या आवाजात ओरडला, "ऐकलंत का? उंबर एवढा लवकर कसा पिकला? खार रात्री फळांना रुईचा चीक चोळते!" मग ओढ्यापलीकडे जाऊन तो सातभाईंच्या आवाजात कलकलला, "फळातली केंबरं पोटात अंडी घालतात! ही गोष्ट मुद्दाम लपवून ठेवलीय!" आणि शेवटी त्याने घुबडाचा आवाज काढला. घुबड म्हणजे जंगलाचे वैद्य. कोणता पाला चावावा, कोणते मूळ टाळावे, हे सगळे त्यालाच विचारत. ते दिवसभर टेकडीपलीकडच्या कपारीत झोपलेले असे. त्या भारदस्त आवाजात भृंगराज घुमला, "मी सांगतो, उंबराला शिवू नका."

बातमी वणव्यासारखी पसरली. "मी मोराकडून ऐकलं," वानर म्हणाले. "मी तर सातभाईंकडून," ससा म्हणाला. "आणि खुद्द घुबडआजोबांनी सांगितलंय!" भेकरीने डोळे पुसत म्हटले. तीन तीन ठिकाणांहून आलेली गोष्ट खोटी कशी असेल? खार फांदीवरून कळवळून सांगत होती, "अहो, हा चीक झाडाचाच आहे. नखानं ओरखडा काढून बघा ना!" वानराने ओरखडा काढला. पांढरा चीक वाहताना बघून ते किंचाळले, "बघा, बघा! चीक आहे!" आणि सगळे पळत सुटले.

उंबराखाली फळांचा सडा पडून आंबू लागला. भुकेलेले प्राणी रोज करंजाजवळ जमू लागले, आज आणखी काय कळतेय ते ऐकायला. भृंगराज पानांआडून रोज नवे काहीतरी सांगे. त्यांची आ वासलेली तोंडे पाहून त्याला आधी फार बरे वाटले. पण सारे माना डोलावत ते मोराला, घुबडाला. त्याचे नाव कुणी घेत नव्हते. आग विझण्याऐवजी भडकतच चालली.

त्याच जंगलात एक धनेश पक्षी राहत होता. धनेशाची मादी पिल्लांसाठी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. नर बाहेरून एका फटीतून तिला चारा भरवतो. हा धनेश उंबराची फळे आणत असे. बातमी ऐकल्यापासून त्याने ती फळे आणणे बंद केले. दिवसभर वणवण करून तो चार-दोन किडे आणि कच्ची फळे आणी. ढोलीतला चिवचिवाट रोज थोडा थोडा मंदावत गेला.

एके दिवशी मादी फटीतून म्हणाली, "अहो, धाकट्यानं काल चोच उघडली नाही. आज ते उठलंच नाही."

धनेशाने फटीशी डोके टेकले. तो तसाच बसून राहिला.

थोड्या वेळाने मादीने विचारले, "उंबराचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घुबडआजोबांनी."

"बोलताना पाहिलंत त्यांना?"

"आवाज ऐकला. साऱ्यांनीच ऐकला."

"आवाजाचं नाही विचारत मी. त्यांना पाहिलंत का?"

धनेशाने पंख पसरले आणि तो तडक टेकडीपलीकडे गेला. कपारीत घुबड झोपले होते. हाक ऐकून त्याने एक डोळा उघडला. सगळे ऐकल्यावर ते म्हणाले, "मी? मी दिवसा जांभईसुद्धा देत नाही! उंबरात केंबरं असतात हे खरं. माझ्या आजीच्या काळीही होती आणि धनेश तेव्हाही उंबरंच खात होते. चल, कोण बोलतंय ते बघू."

करंजाजवळ सभा भरली होती. पानांतून घुबडाचा आवाज घुमत होता, "खारीला या जंगलातून हाकला! मी, घुबड, सांगतो…" तेवढ्यात उन्हाने डोळे किलकिले करत खरे घुबड समोरच्या दगडावर येऊन बसले. त्याची चोच मिटलेली होती. आणि पानांतला आवाज बोलतच होता.

सगळे एकदा घुबडाकडे बघत, एकदा करंजाकडे. वानराने फांदी गदागदा हलवली. दोन तुऱ्यांची काळी शेपटी बाहेर आली आणि आवाज गप्प झाला.

कुणी दगड उचलला, कुणी शिव्या दिल्या. धनेश मात्र कुणासाठी थांबला नाही. तो उंबराकडे झेपावला आणि चोचीत मावतील तेवढी फळे घेऊन ढोलीकडे गेला. उरलेली दोन पिल्ले वाचली.

गर्दी पांगल्यावर खार करंजापाशी आली. भृंगराज मान खाली घालून बसला होता.

"का रे केलंस असं?" तिने विचारले.

"सगळे तुझ्याकडे जात होते," तो कसाबसा म्हणाला.

खार त्याच्या जवळच्या फांदीवर येऊन बसली. मग म्हणाली, "आणि मी रोज संध्याकाळी शेंड्यावर चढून तुझं गाणं ऐकत होते. खाली फळं टाकता टाकताही माझा एक कान तुझ्याकडे असायचा. तूच मधे गायचं थांबवलंस."

भृंगराजाने उत्तर द्यायला चोच उघडली, पण त्याला कुणाच्या आवाजात बोलावे ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी तो भेकरीच्या दारी गेला आणि डबक्याची खरी गोष्ट त्याने सांगून टाकली. पाडस एव्हाना बरे होऊन उड्या मारत होते. भेकरीने ऐकून घेतले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. मुलांनो, हळूहळू प्राणी उंबराखाली परतले. सगळे मात्र नाहीत. काही ससे अजूनही त्या झाडाला वळसा घालून जातात. का, असे विचारले तर म्हणतात, "कुणीतरी सांगितलं होतं बुवा!"

तात्पर्य : एक मत्सरी गळा चार आवाज काढू शकतो, म्हणून बातमी किती जणांकडून ऐकली हे मोजू नये, ती सांगणारा कोण आणि त्याने डोळ्यांनी काय पाहिले, हे आधी विचारावे.